ऑपरेशनाआधीची भूक

पांढुर्ण्याच्या मुलींच्या मराठी शाळेत केसरबाई नारनवरे घंटा द्यायची. सरकारी कागदात तिचं पद 'भृत्य' असं होतं आणि पोरींनी तिला ठेवलेलं नाव होतं 'मुकी घंटा'. घंटा तिच्या हातून दिवसातून आठ वेळा वाजे, पण तिच्या तोंडून काही वाजलेलं कोणी ऐकलं नव्हतं. हो, नाही, माठ भरला, मास्तर आले नाही, एवढ्या शब्दांत तिचा दिवस निभायचा. हसली तर ओठ थोडे रुंद व्हायचे, बस.

घरी तर बोलायची गरजच नव्हती. नवरा तुळशीराम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि दोघांच्या वाटचं तो एकटाच बोलायचा. जिनिंगमधल्या मशिनीच्या आवाजात दिवसभर ओरडून बोलायची सवय, तीच घरी यायची. मुलगी पुष्पा शिवणक्लासला जायची, तीही बापाच्या वळणाची. केसरबाई दोघांना वाढून झालं की चुलीपाशी उभ्या उभ्या उरलंसुरलं खायची. तिच्या जेवणाचा आवाज येत नसे. ती जेवली की नाही हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नसायचं.

सत्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तिला लघवीतून रक्त गेलं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पुन्हा गेलं, तेव्हाही नाही. मग एका सकाळी भिंतीवरचा नकाशा पुसायला ती स्टुलावर चढली आणि खाली उतरता उतरता तिथंच बसून राहिली. मुख्याध्यापिका, म्हणजे बड्या बाई, चंद्रकलाबाई वर्गातून बाहेर आल्या, तर केसरबाईचा चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा. त्यांनी तुळशीरामला बोलावून घेतलं. गावातल्या डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीवर हात दाबला, तो हात एका जागी थांबला, आणि त्यांनी नागपूरची चिठ्ठी लिहिली.

नागपूरला रक्त तपासलं, शिरेतून रंग सोडून फोटो काढले. सर्जन जाडजूड, चष्म्यातून वर पाहणारे. त्यांनी तुळशीरामला डोळ्यानं बाहेर बोलावलं. तो निघाला, तशी केसरबाईही पदर खोचून मागे निघाली.

"माह्याच पोटातली गोष्ट हाये न जी," ती म्हणाली. "मंग मले बी ऐकू द्या."

सर्जननी तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची सरकवली. "डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे बाई. कॅन्सरची. मूत्रपिंडासकट काढावी लागेल. एका मूत्रपिंडावर माणूस मजेत जगतो, त्याची काळजी नाही. पण आज तुम्हाला टेबलावर घेतलं, तर टेबलच तुमच्यापेक्षा जड भरेल. अंगात रक्त नाही, मांस नाही. आधी रक्त भरू, आणि सहा आठवडे या गोळ्या घ्या."

"या गोळ्यानं गाठ गळून पडन का जी?" तुळशीरामनं विचारलं.

"खोटं नाही सांगत. हे हार्मोनचं औषध आहे. दहा-वीस जणांत एखाद्याची गाठ आक्रसते. बाकीच्यांची असते तिथंच राहते. पण भूक लागते, अंग धरतं. ऑपरेशन झेपायला मला तेच पाहिजे." सर्जन थोडे थांबले. "आणि एखाद्याला फार हुशारी वाटते. बडबड वाढते, उगाच हसू येतं. घाबरायचं नाही, गोळ्या थांबल्या की उतरतं."

तुळशीरामनं बायकोकडे पाहिलं. त्याही स्थितीत त्याच्या तोंडून निघून गेलं, "हिले हसू? मंग गोळी भल्ली जबर असन साहेब!"

पहिला आठवडा काहीच झालं नाही. गोळी घेतली की तोंड कडू पडायचं, तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी केसरबाईला जाग आली ती वासानं. पुष्पा ज्वारीच्या भाकरी थापत होती. ती भाकर रोजचीच, तवाही रोजचाच, पण आज तो वास नाकातून सरळ पोटात उतरला आणि पोट आतून हाका मारू लागलं. ती उठून टोपलीपाशी बसली. मिरचीचा ठेचा घेतला. एक भाकर गेली. दुसरी गेली. पुष्पा थापत राहिली, ती खात राहिली, आणि तुळशीराम आंघोळ करून आला तेव्हा टोपलीत फक्त फडकं होतं.

त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग चुलीमागे बसलेल्या मांजरीकडे.

"मांजरीले कायले पाहून राहिले?" केसरबाई म्हणाली. "म्या खाल्ल्या."

आणि तिला हसू आलं. पोटातूनच आलं, ढेकरासारखं, अडवता येईना. कितीतरी वर्षं न फिरलेला रहाट फिरावा तसा सुरुवातीला नुसता कर्र कर्र आवाज आला, मग एकदम सुटला. तिनं तोंडावर पदर धरला तर हसू पदरातून बाहेर आलं. पुष्पाच्या हातातली भाकर तव्यावर करपली. तुळशीराम ओल्या अंगानं उभा होता. हसावं की रडावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मग काय, घरात काही टिकेना. भाजलेले शेंगदाणे, बोरं, चिवडा, काल रात्रीचं वरण. पुष्पानं गुळाचा डबा आधी कणगीमागे लपवला, मग शेजारी नेऊन ठेवला, तर केसरबाई शेजारी बसायला गेली. शेजारणीकडे ती वीस वर्षांत बसायला गेली नव्हती. शेजारणीनं आनंदानं चहा ठेवला आणि केसरबाईनं चहात बुडवून बुडवून तिचे टोस्ट संपवले, वर तिच्या सासूच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. चोळ्यांच्या शिवणी उसवायला लागल्या. पुष्पाचा शिवणक्लास कामी आला.

शाळेत तर कहरच झाला. एक दिवस दुसरा तास नुकता लागला होता. केसरबाई व्हरांड्यात स्टुलावर बसली होती. सातवीच्या वर्गातल्या कोण्या पोरीच्या डब्याचं झाकण सैल असावं. कैरीच्या लोणच्याचा वास व्हरांडाभर पसरला. केसरबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं हातोडी कधी उचलली हे तिलाच कळलं नाही. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर जेवणाच्या सुटीचे टोले पडले, ठणठणठण, आणि साऱ्या वर्गांतून पोरी धरणाचं पाणी सुटावं तशा बाहेर.

चंद्रकलाबाई मनगटावरचं घड्याळ पाहत आल्या. ते झटकलं, कानाला लावलं. "केसरबाई, किती वाजले?"

"घड्याळात माहीत नाही बाई," केसरबाई म्हणाली, "माह्या पोटात दीड वाजला."

व्हरांड्यातल्या पोरी खिदळल्या. चंद्रकलाबाई रागावणार होत्या. त्यांनी तसं तोंडही केलं. पण केसरबाईच समोर स्टुलावर पोट धरून हसत होती, आणि या बाईला काय झालंय हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे ओठ थरथरले आणि त्या ऑफिसात निघून गेल्या. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. पोरींनी डबे उघडलेच होते, म्हणून तो तास गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवसापासून हातोडी ऑफिसच्या कपाटात राहू लागली आणि वेळ झाली की बड्या बाई स्वतः काढून देत. पोरी मात्र केसरबाईसाठी घरून काहीबाही आणू लागल्या. कोणी संत्री, कोणी मुठीतून चिंच. सुटीत तिच्या स्टुलाभोवती गर्दी, आणि मधोमध केसरबाई गोष्ट सांगतेय.

संध्याकाळी तुळशीराम कामावरून आला की दोघं जाम नदीकाठी जायची. पलीकडे सावरगावात दिवे लागायचे. नदीत उन्हाळ्याचं घोट्याइतकं पाणी. केसरबाई बोलायची. लहानपणी ती चिंचेच्या झाडावर चढून अडकली होती ते. सासूनं पहिल्या दिवाळीला काय म्हटलं होतं ते. एकदा तिनं सांगितलं की लग्न झालं तेव्हा तिला त्याची मिशी बिलकूल आवडली नव्हती.

तुळशीरामचा हात मिशीवर गेला. "पंचवीस वर्सानं सांगून राहिली?"

"तुमी बोलणं थांबवान तवा न सांगू!"

तो बराच वेळ काही बोलला नाही, म्हणजे खरोखरच काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "पुष्पाची माय, खरं सांगजो. हे तू बोलून राहिली का त्या गोळ्या बोलून राहिल्या?"

केसरबाईनं विचार केला. तिलाही हा प्रश्न पडत होता. कधी कधी मनाला असे पंख फुटत की आपण उडून नदीपार जाऊ असं वाटे, आणि हे आपल्यातलं नाही, उसनं आहे, हेही तिला त्याच वेळी कळे.

"बोलवून राहिल्या असतीन गोळ्या," ती म्हणाली. "पण तुमच्या मिशीचं गोळीले काय माहीत?"

तुळशीराम हसला, तशी तिनं त्याचा हात ओढून आपल्या डाव्या कुशीवर ठेवला. लुगड्याखाली घट्ट काहीतरी हाताला लागलं. "हे बी हाये. मले दिसत नाही असं समजू नका. सकाळी उठल्यावर पहिले हेच चाचपून पाह्यते म्या. मंग भूक लागते."

पाचव्या आठवड्यात लोधीखेड्याला तिच्या भावाच्या, श्रावणच्या पोरीचं लग्न होतं. सौंसरपर्यंत बसनं आणि पुढे छोट्या रेल्वेनं तिघं गेली. डब्याला एवढे धक्के बसत होते की केसरबाईला प्रत्येक धक्क्याला हसू येई, आणि समोरचे अनोळखी लोकही उगाच हसू लागले.

श्रावणनं नातेवाईकांत सांगून ठेवलं होतं की ताईच्या पोटात वायगोळा आहे. खरा शब्द कोणी उच्चारत नव्हतं, पण उडत उडत साऱ्यांच्या कानी होता. बाया डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीनंच भेटायला आल्या, आणि पाहतात तो केसरबाई गोल चेहऱ्याची, नव्या चोळीतली, भज्यांच्या परातीपाशी. डोळ्यांतलं पाणी कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

सकाळी पंचशील झालं, हार घालून झाले, आणि दुपारी मांडवात वऱ्हाड्यांची पंगत बसली. वरात मोहगावची. नवऱ्या मुलाचा मामा उत्तम मोहगावात पिठाची चक्की चालवायचा आणि खाण्यात त्याचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, वरणभात हे त्यानं रस्त्यातले दगड बाजूला करावे तसं संपवलं आणि जिलेबीवर आला. एक टोपलं त्याच्या एकट्याच्या ओळीत रिकामं झालं. श्रावणचा चेहरा उतरला. उत्तमनं हात वर केला आणि मांडवभर ऐकू जाईल असा ओरडला, "लोधीखेड्यात खाणारं माणूस नाही हे माहीत होतं बावा! वाढणारं तरी कोणी हाये का नाही?"

केसरबाई जिलेबीची बादली घेऊन त्याच्याच समोर उभी होती. सकाळपासून वाढून वाढून तिच्या पोटात आग पडली होती. तिनं बादली खाली ठेवली, एक पत्रावळ ओढली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"वाढ रे श्रावण," ती म्हणाली. "दोघायले बी."

मग जे झालं त्याची गोष्ट सौंसर तालुक्यात अजून सांगतात. मोजणाऱ्यांत एकमत नाही. वऱ्हाडी वेगळा आकडा सांगतात, घरचे वेगळा. पण सुरुवातीला उत्तम हसत होता, मध्ये त्यानं कमरेचा करगोटा सैल केला, आणि शेवटी शेवटी तो प्रत्येक जिलेबीकडे आधी जरा वेळ पाहू लागला. केसरबाई मात्र एका चालीनं खात होती, बोटं चाटत, मधेच मिरचीचा तुकडा तोंडात टाकत. उठलेल्या पंगती परत येऊन भोवती उभ्या राहिल्या. पोरं मांडवाच्या खांबांवर चढली. तुळशीराम एकदा म्हणे "बस कर वं," आणि एकदा म्हणे "आणखीन एक, आणखीन एक!"

उत्तमनं पत्रावळीवर हात आडवा धरला. "हारलो! हारलो विहीणबाई! पण एक सांगा. मी चक्कीवाला माणूस. तुमी कोणत्या चक्कीचं पीठ खाता?"

"कॅन्सरच्या," केसरबाई म्हणाली.

मांडव गप्प झाला. खांबावरच्या पोरांनाही कळलं की काहीतरी झालं. श्रावण जमिनीकडे पाहू लागला. उत्तमचा आडवा धरलेला हात तसाच राहिला.

"म्हंजे?"

"म्हंजे कॅन्सर हाये जी मले. डाव्या गुर्द्यात. येत्या पंधरा दिवसांत कापतीन. कापायच्या आंधी अंग धरावं म्हणून डॉक्टरनं भुकेच्या गोळ्या देल्या. त्याचीच हे भूक."

तिला वाटलं होतं तो शब्द तोंडातून काढताना जीभ अडखळेल. पण जिलेबीच्या पाकासारखा सरकन निघून गेला. तिनं सगळ्यांकडे पाहिलं.

उत्तमनं एक मोठा श्वास घेतला. मग मांडीवर थाप मारून तो ओरडला, "मंग हे तं बेइमानी झाली! तुमी औषध घेऊन बसल्या अन् मी बिना औषधाचा! म्या हार मानत नाही!"

पहिली हसली ती केसरबाई. मग तुळशीराम, मग पुष्पा, मग सारा मांडव फुटला. बाया हसता हसता रडत होत्या, आणि आता ते पाणी कुठं ठेवावं हा प्रश्न कोणाला पडला नाही. श्रावण जवळ येऊन कुजबुजला, "ताई, म्या तं वायगोळा सांगून ठेवलं होतं."

"वायगोळ्यानं एवढ्या जिलेब्या जातीन का रे बापा?"

त्यानंतर दिवसभर लोक तिच्याजवळ येऊन बसत राहिले आणि सरळ विचारत राहिले. कुठं दुखते, कधी कापतीन, नागपुरात कोण राहीन. उत्तमनं सांगून ठेवलं की रक्त लागलं तर त्याच्या अंगात ते पुष्कळ आहे.

नागपूरला सर्जननी तिला काट्यावर उभं केलं. काटा आधी पाहिला होता त्यापेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबला. त्यांनी काट्याला टिचकी मारून पाहिली. मग नवे फोटो उजेडासमोर धरले आणि म्हणाले, "गाठ मात्र एक सूतही कमी नाही."

तुळशीरामचे खांदे पडले.

"तिले बी बसल्या जागी खायले भेटलं न जी," केसरबाई म्हणाली. "मंग कायले जाते?"

सर्जन एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "पण वाढलीही नाही बाई. छातीचा फोटोही साफ आहे. आणि तुम्ही वाढलात. मला पुरे."

ऑपरेशन झालं. गाठ मूत्रपिंडासकट निघाली, वाटेत आलेली एक बरगडीही काढावी लागली. केसरबाई शुद्धीवर आली ती दुखण्यानंच. खोकला आला की जीव जाई, हसण्याची तर गोष्टच नको. आणि गोळ्या थांबल्या होत्या. पंख गळावे तसा तो उल्हास दिवसादिवसानं गळून गेला. भूक माणसात आली. तोंड पुन्हा मिटलं. तुळशीराम खाटेशेजारी बसून एकटाच बोलायचा. एकदा त्यानं वॉर्डातल्या कंपाउंडरची फार छान नक्कल केली. केसरबाईनं नुसतं पाहिलं. त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. तिला ते दिसलं. आपल्या घरून कोणीतरी पाहुणी निघून गेली आहे आणि हा माणूस तिची वाट पाहतोय, असं तिला वाटलं, आणि त्या पाहुणीचा तिला थोडा हेवाही वाटला.

घरी आल्यावर महिनाभर तसंच. मग एका दुपारी तुळशीराम शेजाऱ्यांना दवाखान्याची गोष्ट सांगत होता. सर्जननी काय म्हटलं, नर्स कशी पळाली. केसरबाई आत गहू निवडत होती. तो सारंच चुकीचं सांगत होता. तिनं बराच वेळ सहन केलं. मग सूप खाली ठेवून ती दारात आली.

"खोटं," ती म्हणाली. "नर्स पळाली नाही. तुमीच पळाले, सुई पाहून."

आणि पुढची गोष्ट तिनं सांगितली. गोळ्यांवर असताना शब्द आपोआप यायचे, आता एकेक ओढून काढावा लागत होता. मधे मधे ती थांबायची. पण शेजारी हसले, आणि शेवटी टाक्यांवर हात दाबून धरून तीही हसली, जपून जपून. तुळशीराम ओट्यावर बसून ऐकत होता. त्यानं मधे एक शब्द टाकला नाही. एवढा सुखी तो जिनिंगच्या बोनसच्या दिवशीही दिसला नव्हता.

जून महिन्यात ती शाळेत परत रुजू झाली. घरी आता ती सगळ्यांसोबत बसून गरम जेवायची. पहिल्या दिवशी तिनं पाट मांडला तेव्हा पुष्पानं काही न विचारता पहिली भाकर तिच्याच ताटात वाढली.

वर्षानं तपासणीला दोघं पुन्हा नागपूरला गेली. फोटो साफ निघाला. सर्जन म्हणाले, सहा महिन्यांनी या. बाहेरच्या बाकावर सावनेरकडची एक बाई बसली होती, हाताची काडी झालेली, मांडीवर गोळ्यांचं पाकीट. तिचा नवरा पाणी आणायला गेला होता. तिनं केसरबाईला विचारलं, "तुमाले बी ह्याच देल्या होत्या का वो? कशा हायेत?"

केसरबाई तिच्याशेजारी बसली. पहिल्यापासून सांगू लागली. घंटेचं सांगितलं, जिलेब्यांचं सांगितलं, गाठ कमी झाली नव्हती हेही लपवलं नाही. बाईचा नवरा पाणी घेऊन आला आणि लोटा हातात धरून उभाच राहिला. तुळशीराम दोनदा म्हणाला, "गाडी सुटन." ती म्हणाली, "सुटू द्या." काडीसारखी बाई हसायला लागली तेव्हा वॉर्डातली नर्स बाहेर डोकावून गेली.

पॅसेंजर खरंच सुटली. मग दोघांनी स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले, दोन दोन प्लेटा, आणि सौंसरवरून जाणारी बस धरली. बसमध्ये जागा एकच मिळाली. तुळशीराम उभा राहिला, केसरबाई बसली, आणि पांढुर्णा येईपर्यंत तीच बोलत होती.